कक्षेबाहेरचे बाराशे प्रश्न

संपादकांनी चॅटबॉटवर लिहायला सांगितलं, तेव्हा बॉट काय काय करू शकतो हा विषय त्यांच्या मनात होता. मी गुंतलो ते मात्र ‘हे माझं काम नाही’ असं म्हणायला बॉटला कसं शिकवतात, या एकाच प्रश्नात. कारण बँकेच्या बॉटला भलतंच काही विचारलं, की तो बहुतेक वेळा गप्प राहत नाही. भलतंच उत्तर देतो, आणि ठामपणे देतो.

जुना इतिहास थोडा आहे. एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 साली मांडलेली एलायझा ही गप्पा मारणारी संगणक-प्रणाली ओळखीचा शब्द सापडला नाही, तर ‘पुढे बोला’ अशा धाटणीचं वाक्य टाकून वेळ निभावून न्यायची. तिच्याकडून कुणाचं काम अडलेलं नसायचं, म्हणून ते खपलं. लोकांचे पैसे इकडून तिकडे वळते करणाऱ्या बॉटला ही सवलत नाही.

नीट मोजमाप झालं ते 2019 मध्ये. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरची क्लिंक ही कंपनी आणि मिशिगन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी एक इंग्रजी वाक्यसंच तयार केला आणि त्या वर्षी हाँगकाँगच्या परिषदेत मांडला. बँक, प्रवास, स्वयंपाक असे 10 विभाग आणि त्यांत 150 इंटेंट, म्हणजे बॉटने करायची 150 कामं. प्रत्येक कामाची 150 वाक्यं: 100 शिकवायला, 20 जुळवणीला, 30 परीक्षेला. झाली 22,500. शिवाय 1,200 वाक्यं अशी, की जी या 150 कामांपैकी कशातच बसत नाहीत.

हे बाराशे प्रश्न आले कुठून, ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. वाक्यं लिहून दिली इंटरनेटवर वाक्यामागे मोबदला घेऊन काम करणाऱ्या माणसांनी. त्यांना प्रसंग द्यायचे आणि म्हणायचं, या वेळी तुम्ही बॉटला काय विचाराल ते लिहा. काही जणांचा नेम चुकायचा. लिहिलेलं वाक्य दीडशेपैकी एकाही कामात बसायचं नाही. एरवी अशी वाक्यं केरात जातात. इथे ती जपून ठेवली. आणखी काही वाक्यं क्वोरा, विकिपीडिया अशा ठिकाणचे विषय घेऊन मुद्दाम लिहून घेतली. पण चुकलेल्या नेमाची वाक्यं वेगळ्या जातीची असतात. ‘बाहेरचा प्रश्न’ मुद्दाम रचायला बसलेला माणूस फार लांबचं काहीतरी आणतो. नेम चुकलेला माणूस कुंपणाला लागूनच पडतो. खरा ग्राहकही तिथेच येऊन उभा राहतो. त्या अनाम माणसांच्या चुका शिक्षणाच्या कामी आल्या, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता यंत्राचा हट्ट. शेवटच्या पायरीवर सॉफ्टमॅक्स नावाचं एक गणित बसलेलं असतं. ते प्रत्येक कामाला एक आकडा देतं आणि सगळ्या आकड्यांची बेरीज 1 करतं. समजा, बॉटला शिल्लक सांगणं, हप्ता सांगणं आणि कार्ड बंद करणं एवढंच येतं. त्याला विचारलं, ‘पंढरपूरची गाडी किती वाजता?’ उत्तर येईल, शिल्लक 0.2, हप्ता 0.7, कार्ड 0.1. ‘यांपैकी काहीच नाही’ हा रकानाच नसल्यामुळे सगळा 1 या तिघांतच वाटला जाणार. हा निव्वळ गणिताचा परिणाम आहे, बॉटचा उद्धटपणा नव्हे.

उपाय दोन. एक, थ्रेशोल्ड ठेवायचा: सर्वांत मोठा आकडा ठरावीक मर्यादेखाली असेल, तर ‘समजलं नाही’ म्हणायचं. दुसरा, ‘कक्षेबाहेर’ हाच एक जादा रकाना करून त्याची उदाहरणं शिकवायची. 2019 च्या त्या परीक्षेत कक्षेबाहेरची शंभर वाक्यं शिकवलेल्या बर्ट या मॉडेलने कक्षेतली सुमारे 97 टक्के वाक्यं बरोबर ओळखली. कक्षेबाहेरची ओळखली ती 40 टक्क्यांच्या आसपास. परीक्षेला अशी 1,000 वाक्यं होती. म्हणजे जवळजवळ सहाशे वेळा त्याने परक्या प्रश्नाला आपलं मानलं. थ्रेशोल्ड लावून आकडा निम्म्याच्या जरा वर गेला, एवढंच.

थ्रेशोल्ड आणखी वर का नेत नाहीत? कारण मग ‘अहो, माझं कार्ड कुठेतरी पडलंय, काय करू?’ म्हणणाऱ्या बाईलाही बॉट परत पाठवतो. तिचं वाक्य पुस्तकी नाही, म्हणून आकडा खाली येतो. त्याच वेळी ‘कर्जमाफीच्या यादीत माझं नाव आहे का?’ हा प्रश्न बँकेच्या बॉटच्या आवाक्यातला नसला, तरी ‘कर्ज’ या एका शब्दापायी आकडा वर चढू शकतो. मग शेतकऱ्याला मिळते नव्या कर्जाची माहिती. लांबचे प्रश्न ओळखणं त्या मानाने सोपं; शेजारचे ओळखताना चांगली चांगली मॉडेलं अडखळतात.

मोठी भाषा-मॉडेलं आली म्हणून हे मिटलेलं नाही. त्यांना सगळंच थोडंफार बोलता येतं, त्यामुळे सूचनांनी घातलेलं कुंपण ओलांडायचा मोह त्यांना जास्त. जबाबदारी कुणाची, हे मात्र एका ठिकाणी स्पष्ट झालं. एअर कॅनडाच्या बॉटने शोकप्रसंगीच्या तिकीट-सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. तिथे प्रश्न कक्षेतलाच होता, उत्तर चुकलं. पण बॉटच्या बोलण्याला कंपनी जबाबदार नाही, हा बचाव ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली.

माझी काळजी मराठीची आहे. ॲमेझॉनने 2022 मध्ये 51 भाषांचा ‘मॅसिव्ह’ हा वाक्यसंच खुला केला. त्यात हिंदी, बंगाली, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आहेत, मराठी नाही. इकडे फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने व्हॉट्सॲपवरच्या ‘आपले सरकार’ सेवेसाठी मेटाशी करार केला. अशा सेवेत सातबारा, दाखले, पेन्शन, रेशन यांचे प्रश्न एकमेकांना खेटून येणार, तेही वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वळणाने आणि मध्येच इंग्रजी शब्द घालून. या सीमेवरच्या प्रश्नांचा संच परदेशातली कुठलीच कंपनी आपल्यासाठी गोळा करणार नाही.

तो इथेच जमवावा लागेल. तालुक्याच्या सेतू केंद्रात दिवसभर ‘ते इथे नाही, तलाठ्याकडे जा’ असं सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला हे प्रश्न तोंडपाठ आहेत. मराठी बॉट बांधणाऱ्या प्रत्येक खात्याने आणि कंपनीने पहिला महिना त्याच्याशेजारी बसावं, नावं-नंबर वगळून ते प्रश्न टिपून घ्यावेत, आणि तो संच सर्वांसाठी खुला करावा.