माल्टीतून एस्टोनियनमध्ये

स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेच्या सभागृहात माल्टाचा एक खासदार आपल्या मायबोलीत बोलायला उभा राहतो. चार रांगा सोडून बसलेली एस्टोनियाची खासदार इअरफोन कानाला लावते आणि दोन-तीन सेकंदांनी तेच भाषण एस्टोनियनमध्ये ऐकू लागते. माल्टी ही अरबीची लेक, तर एस्टोनियन फिनिशची बहीण. या दोन्ही भाषांवर सारखीच हुकमत असणारी माणसं जगात कितीशी असतील? तरी संसदेच्या हिशेबात ही वाट फ्रेंचमधून जर्मनमध्ये जाणाऱ्या वाटेइतकीच हक्काची आहे. आणि अशा वाटा आहेत ५५२.

युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा २४. प्रत्येकीतून उरलेल्या २३ भाषांत जायचं, म्हणजे २४ गुणिले २३. १९५८ साली भाषा चारच होत्या, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि डच. तेव्हा वाटा १२. १९८६ मध्ये भाषा नऊ झाल्या, वाटा ७२. मग २००४ साली एका दिवसात नऊ नव्या भाषा आल्या. तोवर ११ झालेल्या भाषा २० झाल्या, म्हणजे दुप्पटही नाहीत, पण वाटा ११० वरून एकदम ३८० वर गेल्या. २०१३ मध्ये, तोवर २३ झालेल्या भाषांत, क्रोएशियन आली आणि तिने एकटीने ४६ नव्या वाटा पाडल्या. (आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा घेतल्या तर हाच गुणाकार ४६२ वर जातो.)

अर्थात ५५२ वाटांसाठी ५५२ प्रकारचे जाणकार कोणी शोधत बसत नाही. माल्टीतलं भाषण आधी इंग्रजीत येतं आणि एस्टोनियन बूथमधला दुभाषा ते इंग्रजी ऐकून बोलतो. मधे अशी एकच भाषा धरली, तर ४६ वाटांवर काम भागतं. पण त्या मधल्या माणसाचा एक ‘नाही’ ऐकायचा राहिला, तर त्याच्यावर विसंबलेल्या प्रत्येक बूथमधून ‘होय’ बाहेर पडणार. केवढं हे ओझं!

पूर्ण २४ भाषांच्या बैठकीला २४ बूथ लागतात आणि बूथमागे साधारण तीन दुभाषे, म्हणजे एका सभागृहासाठी ७२ माणसं. एकाने साधारण अर्धा तास बोलायचं, मग दुसऱ्याने माइक घ्यायचा. वक्ता मिनिटाला १३० शब्द बोलला, तर त्या अर्ध्या तासात ३,९०० शब्द कानातून आत शिरतात आणि दुसऱ्या भाषेत तोंडातून बाहेर येतात. हा लेख सात वेळा वाचण्याइतकं ते काम, तेही पुढचं वाक्य काय असेल हे ठाऊक नसताना. अधिवेशनाच्या आठवड्यात सातशेहून अधिक दुभाषे तैनात असतात. खासदार आहेत ७२०. जवळपास माणशी एक दुभाषा.

लेखी कामाचा पसारा वेगळाच. एकट्या युरोपीय आयोगाचा अनुवाद विभाग वर्षाला वीस लाखांहून अधिक पानं अनुवादित करतो. दोन मिनिटांना एक पान या वेगाने, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता ती वाचायला बसलात, तर एका वर्षाचं काम वाचून संपवायला २३ वर्षं लागतील. कच्चा खर्डा आता बऱ्याचदा यंत्र करून देतं, तरी शब्दाची जबाबदारी माणसावरच राहते.

परकी भाषा शिकून काय करता येईल, असं विचारणाऱ्या मुलांना मी हे आकडे सांगते, पण त्यांच्यापाशी थांबत नाही. कारण या सगळ्या व्यवस्थेत खरी टंचाई कशाची पडली, ते फार कमी जणांना माहीत असतं. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहराच्या आसपास. तिथे इंग्रजी घरोघर चालते. तरीही २००४ साली माल्टीला तीन वर्षांची सवलत द्यावी लागली, कारण कायद्याची कलमं नेमक्या माल्टीत लिहू शकणारे पुरेसे अनुवादक नव्हते. आयरिशचंही तेच झालं. २००७ मध्ये ती अधिकृत झाली, पण सगळा मजकूर आयरिशमध्ये आणण्याचं बंधन लागू व्हायला २०२२ उजाडलं. मधली पंधरा वर्षं माणसं घडवण्यात गेली. दोन्हीकडे परकी भाषा येणारे भरपूर होते, आपली भाषा तेवढ्या ताकदीने लिहिणारे कमी पडले. दुभाषा आणि अनुवादक, दोघेही बहुतेक वेळा परक्या भाषेतून स्वतःच्या भाषेत येतात. पगार त्या येण्याचा असतो.

म्हणून पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा किंवा जपानीचा वर्ग लावणाऱ्या मुलीला मी आधी विचारते, तू मराठीत काय वाचतेस? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत. म्हणजे माल्टातल्या एका माणसामागे सुमारे दीडशे मराठी माणसं.

पण युरोपीय संसदेत कायद्याच्या माल्टी मजकुरासाठी वकील-भाषातज्ज्ञ नेमलेले आहेत. कायद्याची पदवी ही तिथली पहिली अट, भाषा त्यानंतर. संघाच्या कायद्याच्या चोवीसही प्रती सारख्याच अस्सल मानल्या जातात, मूळ एक आणि बाकीचे अनुवाद असा भेद नाही. त्यामुळे ‘वाजवी मुदत’सारख्या दोन शब्दांना कोणता माल्टी शब्द लावायचा, यावर तिथला माणूस आपली सकाळ घालवतो. तो शब्द फ्रेंच शब्दाच्या बरोबरीने कायदा होणार असतो.