पायपेटीचे पाय

तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि पडदा उघडण्याआधी ऑर्गनचा सूर येतो. त्याच्या मागोमाग नांदी. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हा क्षण पुरता ओळखीचा असतो. वादकाची बोटं सगळ्यांना दिसतात, पाय मात्र कुणाच्या ध्यानात येत नाहीत. ऑर्गनचे भाते पायांनी चालतात. पाय थांबले की बोटं कितीही फिरोत, सूर विझतो. पायपेटी हे जुनं नाव म्हणूनच अगदी नेमकं आहे.

हौशी संगीत नाटक मंडळी अशाच न दिसणाऱ्या पायांवर चालते. पगार कुणालाच नाही. दिवसभर बँकेत, शाळेत, दुकानात काम करायचं आणि संध्याकाळी तालमीला हजर व्हायचं. हे नंतर आलेलं दुय्यम रूप आहे, असा समज असेल तर तो सोडायला हवा. मराठी संगीत नाटकाचा आरंभच असा झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्याला रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करत होते. नोकरी सांभाळून त्यांनी कालिदासाचं शाकुंतल मराठीत आणलं, गाणारी माणसं जमवली आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. मंडळी व्यावसायिक झाली ती पुढे. हौस आधी, धंदा नंतर.

मग नाटक कंपन्यांचा काळ आला. सोलापूरचंच घ्या. तिथे 1860 मध्ये रेल्वे पोचली होती आणि 1877 पासून गिरणीचा भोंगा वाजू लागला होता. पडदे, पेट्या आणि अख्खं बिऱ्हाड घेऊन आगगाडीने गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांना असं पैसा खेळणारं शहर हवंच असे. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. तो थाट पेलायला रोजची तिकीट खिडकी लागे. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक हळूहळू तिकडे वळला. बहुतेक कंपन्या मोडल्या. नाटकं उरली ती गाणाऱ्यांच्या गळ्यात आणि हौशी मंडळींच्या तालमीत.

हौशी मंडळीकडे स्वतःचं नाट्यगृह असलं तर काय होतं, हे पुण्याच्या सदाशिव पेठेत पाहायला मिळतं. 1894 साली ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या नावाने काही तरुणांनी सुरू केलेली संस्था पुढे भरत नाट्य संशोधन मंदिर झाली. तिची स्वतःची वास्तू आहे आणि संगीत नाटकं करण्याची परंपराही. महाविद्यालयीन मुलांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धाही याच रंगमंचावर रंगते. जुनी पदं आणि नवी एकांकिका एकाच छपराखाली नांदतात, ही मोठी गोष्ट आहे.

वास्तू असली की तालमीची जागा शोधत फिरावं लागत नाही. पडदे, मुकुट, शेले कुणाच्या माळ्यावर कुजत नाहीत. नाट्यगृह इतरांना भाड्याने दिलं की वीज आणि डागडुजी निघते. पण छत आलं की छताचं ओझंही येतं. पावसाळ्यात गळती, उडालेले फ्यूज, मोडक्या खुर्च्या, विश्वस्तांच्या सभा, हिशेबाच्या वह्या. यातलं काहीच टाळ्यांचं काम नव्हे. कुणीतरी वर्षानुवर्षं निमूट करतं, म्हणून संस्था शंभरी ओलांडते.

संगीत नाटकाची तालीम गद्य नाटकापेक्षा दुप्पट कष्टाची. संवाद पाठ झाले म्हणजे अर्धंच काम झालं. गाणाऱ्याला अभिनय यायला हवा, अभिनय येणाऱ्याला ताल सांभाळायला हवा. मग पट्टीचा प्रश्न. पुरुषाला काळी एक-दोन सोयीची, बाईला काळी चार-पाच. दोघांनी एकच पद वाटून गायचं असेल तर कुणीतरी गळ्याला मुरड घालायची. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती. तेव्हाचा प्रेक्षक रात्रभर बसे, आज तीन तासांत घरी जायचं असतं. मग कोणती पदं ठेवायची, यावर तालमीत वाद होतात. पदाला वन्स मोअर घ्यायचा की कथा पुढे न्यायची, हाही जुनाच वाद. शिवाय मुख्य भूमिकेला दुसरा गळा तयार ठेवावा लागतो. सर्दीला नाटकाची तारीख कळत नाही.

आणि साथ. पायांचा ऑर्गन दुरुस्त करणारे हात आता फार थोडे. स्वरपट्टी निखळली, भात्याचं कातडं फाटलं, की मंडळी हताश होते. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर काम भागतं, पण ऑर्गनचा लांबणारा, श्वास घेतल्यासारखा स्वर त्यात मिळत नाही.

आता सोलापूर. या मातीला गाण्याचं नाटक परकं नाही. पेशवाईच्या अखेरीस लावणी गाजवणारा शाहीर राम जोशी इथलाच. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकातली झरीना साकारणाऱ्या फय्याज सोलापूरच्या, आणि 2015 च्या बेळगाव नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. अभिनेते अतुल कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्याआधी इथल्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत घडले. घरात कन्नड, मागावर तेलुगू आणि बाजारात मराठी ऐकत वाढलेल्या इथल्या कानाला भाषेचं बंधन कधीच नव्हतं. किर्लोस्करांचं जन्मगाव गुर्लहोसूरही कन्नड मुलखातलंच.

नाट्यगृहही आहे. महापालिकेचं हुतात्मा स्मृती मंदिर. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांच्या स्मृतीला वाहिलेल्या वास्तूत नांदी होते, तेव्हा या शहराने काय किंमत मोजली होती, तेही आठवतं.

पण महापालिकेचं नाट्यगृह प्रयोगापुरतं मिळतं. नाटक उभं राहतं ते त्याआधीच्या तीन महिन्यांत. त्यासाठी रोज संध्याकाळी उघडी राहणारी एक खोली हवी, पडदे ठेवायला कपाट हवं, एक ऑर्गन हवा आणि तो वाजता ठेवणारा माणूस हवा. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धा 1954 पासून आहेत, संगीत नाटकांना त्यात वेगळा विभाग आहे. स्पर्धा एक निमित्त देते, तारीख देते. संस्था मात्र स्पर्धेनंतरच्या दिवसांत टिकते किंवा विरते.

सोलापूरकरांकडे मोठं दान मागायचं नाही. गाता येत नसेल तर तिकिटं खपवा. तिकिटं खपवता येत नसतील तर शिवणयंत्रावर शेले शिवा, या शहरात ते हात घरोघरी आहेत. शाळेची एक रिकामी खोली संध्याकाळपुरती द्या. हिशेब येत असेल तर वही लिहा. आणि मुलांना तालमीला आणून बसवा. पद गुरूसमोर बसूनच गळ्यात उतरतं.

तिसरी घंटा झाली की प्रेक्षक बोटांकडेच पाहील. पाहू दे. पाय चालते राहायला हवेत.