तळव्यांखालची मुंबई

पहाटे ४.४५

गजराच्या आधी पाण्यानं जाग येते. लालबागच्या आमच्या चाळीत नळ पहाटे येतो आणि आत्या त्याच्या पाच मिनिटं आधी उठून मोरीतलं पिंप घासायला घेते. "झोप गं अजून जरा," असं ती रोज म्हणते आणि मी रोज उठून हंडा उचलते. पिंप भरेपर्यंत अंग मोकळं झालेलं असतं.

दाराबाहेर खिळ्याला बूट टांगलेले असतात. त्यांच्या मागे स्पाइक्सची जोडी. डाव्या बुटाची एक पिन कोल्हापूरच्या मैदानात राहिली, ती मी पुन्हा बसवली नाही. पाच वर्षं ८०० मीटर धावले. आधी साताऱ्याच्या कॉलेजकडून, मग शिवाजी विद्यापीठाकडून 'अश्वमेध'ला आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेला. सगळ्यात चांगली वेळ २ मिनिटं १४ सेकंद. एम.कॉम.चा निकाल लागला, लोअर परळला नोकरी मिळाली आणि दहिवडीहून एक बॅग घेऊन आत्याकडे आले. त्या दिवसापासून पहाटे मैदानावर माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही. सरांची शिट्टी नाही, मागून येणाऱ्या पोरींच्या श्वासाचा आवाज नाही. पहिले दोन आठवडे मी डोळे उघडे ठेवून पडून राहायचे आणि मांडीचे स्नायू आपोआप आखडायचे. शरीराला तारीख हवी होती आणि माझ्याकडे तारीख नव्हती.

५.१५

जिना लाकडी आहे, म्हणून उतरताना बूट हातात घेते. गल्लीत बाहेर पडलं की पहिला वास मिरचीचा. डंक अजून सुरू झालेले नसतात, पण कालच्या कांडपाची धूळ हवेत असते. मसाल्याची दुकानं मागे पडेपर्यंत मी नाकानंच श्वास घेते, तोही हळू.

आंबेडकर रोडनं उत्तरेला: लालबाग, परळ, हिंदमाता, दादर टी.टी., मग टिळक पूल ओलांडून पश्चिमेला. या रस्त्यानं मला पहिल्याच महिन्यात धडा दिला. आले तेव्हा जिद्दीनं रोज आठ-आठ किलोमीटर फुटपाथवरून पळाले. कधी पेव्हर ब्लॉक, कधी काँक्रीट, मध्येच गटाराचं झाकण. पाच वर्षं मातीवर आणि सिंथेटिकवर पळालेले पाय. चौथ्या आठवड्यात दोन्ही नडग्या अशा ठणकायला लागल्या की आत्याच्या जिन्याच्या बावीस पायऱ्या कठडा धरून चढायचे. एका दवाखान्यात गोळ्या देऊन "पळणं सोडा" एवढंच सांगितलं. मी सोडलं नाही, पण तीन आठवडे नुसती चालले, आणि चालताना खाली बघायला शिकले. काँक्रीटपेक्षा डांबर जरा सोसतं, डांबरापेक्षा माती पुष्कळ सोसते. फुटपाथ कुठं एका बाजूला कलतो, कुठं दगडी लादी शिल्लक आहे, हे तेव्हा पायांनी टिपून घेतलं. बसच्या नंबरांच्या आधी मला मुंबई अशी समजली.

परळला कधी कधी आत वळते, केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या बाजूला. तिथं फुटपाथवर चादरी अंथरून माणसं झोपलेली असतात. पेशंटबरोबर आलेली, लांबून लांबून आलेली. उशाशी एक्सरेचं मोठं पाकीट. तिथं मी पळत नाही. बुटांचा आवाज होणार नाही अशी चालते आणि कोपऱ्यापासून पुन्हा सुरू करते. एकदा एका बाईनं विचारलं होतं, "ताई, पाणी कुठं मिळंल?" तिची बोली आमच्याच माणदेशातली होती. त्या दिवशी तिची बाटली भरून आणली, शेजारी बसले आणि पळणं तिथंच संपलं.

५.५५

शिवाजी पार्क. १९२५ साली हे मैदान लोकांना खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून नाव बदललं. कट्ट्याच्या बाहेरून एक फेरी साधारण बाराशे मीटरची, म्हणजे माझ्या हिशेबानं ट्रॅकचे तीन राउंड. हा हिशेब डोक्यातून जात नाही आणि जावा असंही वाटत नाही.

आत समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाची पोरं. इकडे क्रिकेटची नेट लागायला सुरुवात. कट्ट्यावर आजोबांची बैठक. आणि या दिवसांत मॅरेथॉनची तयारी करणारे गट, कारण जानेवारीतला रविवार जवळ येतोय. त्यांतले दोघं-तिघं ओळखीचे झालेत. "तू मॅरेथॉन का पळत नाहीस?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. माझी शर्यत सव्वादोन मिनिटांची. सहाशे मीटरनंतर मांड्यांत शिसं ओतल्यासारखं होतं आणि उरलेले दोनशे त्या शिशासकट काढायचे असतात. बेचाळीस किलोमीटरची चिकाटी ही वेगळी विद्या आहे. ती शिकायची आहे, घाईनं नाही.

पण मुंबई मॅरेथॉन आमच्या तालुक्याला परकी नाही. मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांमध्ये ती जिंकली. पुढे ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. मोही आमच्यापासून जवळ. मी तेव्हा शाळेत होते. त्या शर्यतीनंतर आमच्या घरी 'पोरगी पळून काय करणार' हे वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही. मी त्यांना एकदाही भेटलेली नाही, पण माझ्या पायांवर त्यांचं ऋण आहे.

६.१५

मैदान सोडून समुद्राकडे. आज इथं यायचं हे मी परवाच ठरवलं होतं, कारण परवा अमावास्या झाली.

हे गणित मला परळच्या बाजारातल्या कोळीण मावशींनी शिकवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. त्या दिवसांत मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला पाणी खूप आत गेलेलं असतं. रोज ही वेळ पाऊण तास, कधी जरा जास्त, पुढे सरकते. अष्टमीला भांग, पाण्याचा चढउतार कमी, आणि पहाटे सहा-सातला ओहोटीच्या जागी भरती. "तुझ्या पळण्याचं पंचांग हेच," मावशी बोंबील साफ करता करता म्हणाल्या. आमच्याकडे आजी तिथी बघायची ती उपासासाठी. पावसाची वाट बघणाऱ्या मुलखातून आले मी, विहिरीच्या तळाकडे बघून वर्ष मोजणारी. दिवसातून दोनदा न चुकता येणारं पाणी ही गोष्ट अजूनही मला पूर्ण खरी वाटत नाही.

दादर चौपाटीची वाळू अरुंद आहे. पण आज द्वितीया, पाणी मागे हटलंय आणि ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडलाय. बूट काढून लेस एकमेकींत बांधते, गळ्यात अडकवते. कोरड्या वाळूत पाय रुतून टाच ओढली जाते. पार पाण्याच्या कडेला जमीन कलती. मधला एक हातभर रुंद पट्टा असतो, दाबला की वाळूचा रंग बदलून पायाभोवती फिक्कट वर्तुळ उमटतं, तो नेमका. तिथं शंभर-शंभर मीटरचे सहा स्ट्राइड्स. घड्याळ नाही. चौथ्याला अंग उघडतं आणि गुडघे आपणहून वर येतात, तसेच, पहिल्या लेनमधून शेवटच्या वळणाला लागल्यावर यायचे तसे. मी मोठ्यानं ओरडते. आसपास दोन कुत्री आणि चैत्यभूमीच्या बाजूनं येणारे एक काका. ते हात वर करतात.

मागे वळून बघितलं तर माझीच पावलं, आणि डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं बाहेर पडलेलं. सर पाच वर्षं हेच सांगत होते. मला ते आज दिसलं.

६.५०

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, म्हणून आत्यानं यादी दिलीय: पाच झाडांची पानं, शेवंती, एक वेणी, पाच फळं. दादरच्या फूलबाजारात आज पाय ठेवायला जागा नाही. झेंडूच्या गोण्या डोक्यावर घेऊन हमाल "चला, बाजू, बाजू" करत सुसाट येतात, आणि त्यांच्या चालीकडे मी दर वेळी थांबून बघते. मान स्थिर, कंबर स्थिर, गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी आणि भराभर. गर्दीत एकालाही धक्का नाही. असं शरीर मैदानावर घडायला वर्षं लागतात.

पानांची जुडी घेऊन दादर ते करी रोड, दोनच स्टेशनं. लोकलच्या डब्यात माझ्या पायाला वाळू आणि मांडीवर शेवंती.

९.३०

ऑफिसचं फार सांगण्यासारखं नाही. मी हिशेब जुळवते. दोन बाजूंचे आकडे एक झाले की दिवस सत्कारणी. अकराव्या मजल्यावर जिन्यानं जाते. खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसते. माझे आजोबा, आबा, ७२ च्या दुष्काळात दहिवडीहून इथं आले, आधी बदली, मग साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत ते होते. दोन वर्षं वाट बघून गावी परतले. ते ज्या गिरणीत होते ती नेमकी कुठली, हे मला आत्यालाच विचारायचं होतं. राहून जात होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा. सुरुवातीला मी सरावाच्या दिवसांइतकंच खात होते, चार भाकऱ्या, आणि दुपारी डोळे मिटायचे. दिवसभर बसणाऱ्या अंगाची भूक निराळी असते. आता अडीच भाकऱ्या, उसळ, काकडी. डबा संपवून वीस मिनिटं एक गल्ली चालून येते, रोज नवी. आज मागच्या बाजूला एक मारुतीचं देऊळ सापडलं, चाळ आणि काचेच्या इमारतीच्या मध्ये, एका माणसाला उभं राहता येईल एवढं.

संध्याकाळी ७.१५

हा माझ्या दिवसातला सगळ्यात अवघड भाग आणि सगळ्यात आवडता. परळच्या एका मंडळाच्या मैदानात मुलींची कबड्डी चालते. गिरणगावात कबड्डी घराघरात आहे. इथल्या पोरी पाळण्यातून उतरून थेट मातीत आल्यासारख्या खेळतात. दोन महिन्यांपूर्वी मी बाहेर उभी राहून बघत होते, तर एकीनं ओढूनच आत नेलं. "पळते ना तू? मग चढाई कर."

मला वाटलं होतं वेग आहे म्हणजे जमेल. महिलांचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटर. एवढ्यात वेग सुरू व्हायच्या आतच रेष येते. आणि दम! धावताना मी श्वास पावलांवर बांधलेला असतो, दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. इथं मधली रेष ओलांडली की 'कबड्डी कबड्डी' एका दमात, स्पष्ट, ऐकू येईल असं म्हणायचं आणि तोंडातून शब्द जात असताना सात जणींच्या हातांवर नजर ठेवायची. चढाईला तीस सेकंद. माझा दम पहिल्या आठवड्यात बाराव्या सेकंदाला फुटायचा. ज्या फुप्फुसांवर मी पाच वर्षं विश्वास ठेवला, ती श्वास सोडत राहायला तयारच नव्हती.

आज मधल्या रेषेपलीकडची निदान रेषा ओलांडली, डावीकडच्या कोपऱ्यातल्या पोरीला हात लावला आणि वळले. तेवढ्यात घोट्याला पकड बसली. पडता पडता हात लांब केला, मधली रेष बोटांपासून वीतभर. तोंडात माती. सोळा वर्षांची ती पकड करणारी पोर मला उठवत म्हणाली, "ताई, वळताना तू उभी राहतेस. खाली बसून वळ." ट्रॅकवर मी कायम डावीकडेच वळले, ताठ मानेनं. हे कळायला मातीत पडावं लागलं. मग ती खाली बसून वळून दाखवत राहिली, दहा वेळा, आणि मी तिच्या मागे दहा वेळा. बाराव्या वर्षी मैदानावर पहिल्यांदा उभी राहिले होते, तेव्हा मला असंच वाटलं होतं: अजून काही येत नाही, आणि उद्या पुन्हा यायचं आहे.

रात्री ९.४०

पूजा उरकलेली. आत्यानं कहाणी वाचली, नैवेद्याची खीर वाटीत काढून ठेवली होती. ओले बूट वर्तमानपत्र कोंबून दाराशी ठेवले आणि जेवता जेवता तिला विचारलं, आबांची गिरणी कुठली?

तिनं गिरणीचं नाव सांगितलं, गेट कुठल्या अंगाला होतं तेही सांगितलं. मग म्हणाली, "पण तो सुटल्यावर सरळ घरी यायचा नाही बरं का. रात्रपाळी सातला सुटायची. तिथनं चालत भाऊच्या धक्क्याला जायचा. तासभर तिथं. मग घरी."

"कशाला? मासळी आणायला?"

"छे. तो माळकरी." ती खिरीची वाटी पुसत राहिली. "पाणी बघायला जायचा. माण सोडून आलेला ना. म्हणायचा, एवढं पाणी आहे, आणि कुणी ओढत नाही."

मी उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. उद्या तृतीया, सातला ओहोटी, धक्क्याखाली नुसता चिखल असेल. अष्टमी बुधवारी आहे. बुधवारी सकाळी तिथं पाणी वरपर्यंत असेल. त्या तारखेभोवती पेनानं गोल केला.