अणकाईचे अगस्तिस्थान : नावांच्या साक्षीने

मनमाडहून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशास थोड्याच अंतरावर अणकाई-टणकाई हा जोडकिल्ला दिसू लागतो. टणकाईच्या उतारावरील जैन लेण्यांची दखल अभ्यासकांनी घेतली आहे. १६३५ मध्ये शाहजहानच्या सैन्याने हा किल्ला घेतल्याची नोंदही सर्वपरिचित आहे. अणकाईवरील अगस्ती ऋषींच्या स्थानाकडे मात्र क्वचितच कोणी वळतो. माथ्यावरील तळ्यातली समाधी अगस्तीची होय, अशी स्थानिक श्रद्धा आहे. या परंपरेचा विचार प्रस्तुत लेखात केवळ नावांच्या आधारे करावयाचा आहे.

‘अगस्ती’ हा ‘अगस्त्य’ या शब्दाचा ग्रामीण अपभ्रंश असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. हा समज टिकत नाही. अगस्त्यगोत्री अनेकांचा निर्देश करताना होणारे ‘अगस्ति’ हे रूप पाणिनीने सांगितले आहे (अष्टाध्यायी २.४.७०). दुसरे प्रमाण ध्वनिपरिवर्तनाचे. संस्कृतातील ‘स्त’ प्राकृतात ‘त्थ’ होतो आणि पुढे मराठीत त्याचा ‘थ’ किंवा ‘त’ होतो : मस्तक-माथा, पुस्तक-पोथी, हस्त-हात. ‘अगस्ती’ या शब्दात ‘स्त’ अभंग आहे. म्हणजे हे नाव प्राकृतातून झिजत आलेले नसून, पुराणिक-कीर्तनकारांच्या मुखातून आलेले तत्सम रूप आहे, असे मानणे युक्त ठरते. ते ‘शुद्ध’ करण्याच्या भरात ‘अगस्त्य’ असे लिहिल्यास शुद्धी होत नाही. एक पुरावा मात्र पुसला जातो.

‘अणकाई-टणकाई’ ही नावे निराळ्या थरातील दिसतात. जखाई-जोखाई, तुकाई यांसारख्या ग्रामदेवतांच्या नावांतील ‘आई’ येथेही असावी. जवळच्या अलका-पलका या डोंगरांच्या नावांतही हाच यमकबद्ध जोडीचा घाट दिसतो. यांची संस्कृत व्युत्पत्ती ओढूनताणून बसविण्यात अर्थ नाही. डोंगराचे नाव आईचे आणि माथ्यावरचे स्थान ऋषीचे, अशी ही दोन थरांची रचना आहे.

येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. वाल्मीकिरामायणात अगस्त्याश्रमापासून पंचवटी दोन योजनांवर सांगितली आहे. त्यावरून अणकाई हाच तो आश्रम, असे सिद्ध करता येणार नाही. मनमाड-नाशिक अंतर रेल्वेमार्गानेच सत्तरहून अधिक किलोमीटर भरते. दोन योजनांशी त्याचा मेळ बसत नाही. शिवाय प्रवराकाठचे अकोलेही अगस्तीचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. दूर दक्षिणेत तमिळ परंपरा त्याचे वास्तव्य पोदिगै पर्वतावर मानते आणि त्यालाच आद्य वैयाकरण समजते. त्याच्या नावावरील ‘अगत्तियम्’ हे व्याकरण आज उपलब्ध नाही. एकच ऋषी इतक्या ठिकाणी नांदतो, याचा अर्थ प्रत्येक स्थानाने दक्षिणेत येणाऱ्या विद्येच्या स्मृतीत आपला वाटा मागितला, असा घेता येईल.

नावावरून समाधीचे वय ठरत नाही; त्यासाठी शिल्पाचे आणि शिलालेखांचे प्रमाण हवे. परंतु कोणत्या काळी कोणत्या मुखांतून परंपरा पोहोचली, याचा माग नावच देते. म्हणून क्षेत्रपाहणीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी मापनपट्टीबरोबर वही न्यावी आणि वृद्ध ग्रामस्थांच्या तोंडची रूपे जशी ऐकली तशीच टिपावीत. अनकाई, अंकाई, अणकाई यांपैकी छापील रूप कोणतेही असो. उच्चार विरला, तर तो पुन्हा उत्खननातून मिळणार नाही.