चुंबकाला हुडहुडी भरते तेव्हा...

दोस्तांनो, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कधी वाळूतून फिरवलंयत? नसेल, तर आज फिरवून बघा. बांधकामापुढचा वाळूचा ढीग चालेल, कोकणात राहत असाल तर समुद्रकिनारा. चुंबकाला चक्क काळी दाढी फुटते! (चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला बरं का, नाहीतर ती दाढी काढताना नाकी नऊ येतील.)

झटकन चिकटणारे हे काळे कण बहुतेक मॅग्नेटाइटचे. मॅग्नेटाइट म्हणजे तीन अणू लोखंडाचे आणि चार ऑक्सिजनचे, हीच मांडणी पुन्हा पुन्हा. माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक असलेला चुंबकी दगड हाच.

स्फटिकात अणू कसे असतात? कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे, रांगेत. मॅग्नेटाइटचा ठोकळा एरवी अगदी घनाकृती, सगळे कोन काटकोन. त्यातल्या काही लोखंडाच्या अणूंकडे शेजाऱ्यापेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. पण हा पाहुणा एका घरी टिकेल तर शपथ! तो या अणूवरून त्या अणूवर उड्या मारत राहतो, आणि म्हणूनच मॅग्नेटाइटमधून वीज वाहते.

१९३९ साली हॉलंडमधल्या एव्हर्ट व्हर्वे या शास्त्रज्ञाने मॅग्नेटाइट थंड करत नेलं. उणे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गंमत झाली. विजेला होणारा विरोध एकदम सुमारे शंभरपट वाढला! चुंबकपण मात्र शाबूत. व्हर्वे म्हणाला, थंडीने इलेक्ट्रॉनच्या उड्या थांबल्या आणि ते ठरावीक अणूंवर, एकाआड एक असे बसले.

बरोबर की चूक? ते ठरवायला तब्बल ७३ वर्षं लागली! का ते सांगतो. रिकाम्या काड्यापेटीचं बाहेरचं कव्हर घ्या आणि हलकेच दाबा. ते कलतं ना? थंडीत मॅग्नेटाइटचा ठोकळाही असाच कलतो, काटकोन जेमतेम पाव अंशाने बिघडतो. पण कलायचं कुठे? डावीकडे, उजवीकडे, पुढे? एकाच स्फटिकाचा एक भाग इकडे कलतो, दुसरा तिकडे. मग क्ष-किरणांनी टिपलेलं चित्र म्हणजे ऐनवेळी सगळ्यांनी माना हलवलेला वर्गाचा फोटो!

अखेर २०१२ साली सेन, राइट आणि ॲटफील्ड या त्रिकुटाला मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा एक कण मिळाला. हा शहाणा एकाच दिशेला कलत होता. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रचंड क्ष-किरण यंत्रावर त्यांनी त्याची तपासणी केली आणि कोडं उलगडलं. इलेक्ट्रॉन ठरावीक जागी बसतात, हे व्हर्वेचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. पण एकाआड एक नाही! एका ओळीतले लोखंडाचे तीन अणू मिळून एक इलेक्ट्रॉन वाटून घेतात. मधल्याकडे मोठा वाटा, म्हणून कडेचे दोघे त्याच्याकडे किंचित सरकतात. किती किंचित? तुमच्या केसाच्या जाडीच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. या तिघांच्या गटाला त्यांनी नाव दिलं ट्रायमेरॉन. मला तर या त्रिकुटाने त्रिकूट शोधावं याचीच मौज वाटते!

आता तुमची ती काळी दाढी थंड केली तर? आपल्याकडचे हे कण बहुतेक काळ्या बेसाल्ट दगडातून झिजून आलेले. त्यांत टायटॅनियम मिसळलेलं असतं, आणि ते फार झालं की ही हुडहुडी भरतच नाही. ती बघायची तर शुद्ध स्फटिक हवा आणि सोबत द्रवरूप नायट्रोजन. दाढीला मात्र एक चुंबक पुरतं.