असेंब्ली शिकायचीय? घरच्या संगणकासाठी कोणता असेंब्लर घ्याल?

परभणी : कॉलेजच्या लॅबमध्ये चाललेला असेंब्ली प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर चालत नाही, ही संगणक पदविकेच्या विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण. परभणी, जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडला घरी सराव करायचा असेल तर काय निवडावे? समजून घेऊ.

असेंब्लर म्हणजे काय?

प्रोसेसरला फक्त शून्य आणि एकची भाषा कळते. 'मूव्ह', 'ॲड' अशा सूचना त्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे असेंब्लर. सूचना प्रोसेसरच्या असतात, पण त्या लिहायची पद्धत असेंब्लरनुसार बदलते.

घरी प्रोग्रॅम का चालत नाही?

पदविकेच्या मायक्रोप्रोसेसर विषयात इंटेलचा ८०८६ शिकवतात. हा १६ बिटचा प्रोसेसर १९७८ मध्ये आला. त्याच्या सरावासाठी बोर्लंडचा टॅसम किंवा मायक्रोसॉफ्टचा मॅसम वापरला जातो. आजच्या ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. त्यासाठी डॉसबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते संगणकावर जुन्या डॉसची सोय करून देते.

कोणी काय निवडावे?

• प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असेल : लॅबमध्ये आहे तोच असेंब्लर, डॉसबॉक्समध्ये.

• आवड म्हणून नव्याने शिकायचे असेल : नॅसम. १९९६ मध्ये आलेला हा असेंब्लर मोफत आहे. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो.

• विंडोजवर ६४ बिट शिकायचे असेल : मॅसम. तो व्हिज्युअल स्टुडिओच्या सी प्लस प्लस साधनांसोबत येतो.

• लिनक्सवर सी भाषेसोबत शिकायचे असेल : ग्नू असेंब्लर. मात्र त्याच्या नेहमीच्या पद्धतीत आधी कुठून आणि मग कुठे, असे लिहितात. इंटेलच्या पद्धतीत हा क्रम उलटा असतो.

येथे गुण जातात!

टॅसम, मॅसममध्ये व्हेरिएबलचे नुसते नाव लिहिले की त्यातली किंमत मिळते. नॅसममध्ये नुसत्या नावाने पत्ता मिळतो. किंमत हवी असेल तर नाव चौकोनी कंसात लिहावे लागते. त्यामुळे प्रोग्रॅम एकही चूक न दाखवता तयार होतो आणि उत्तर मात्र चुकते. म्हणून परीक्षेपूर्वी असेंब्लर बदलू नका. डॉसचा 'इंट २१ एच'ही लिनक्सवर चालत नाही.

फोनवर शिकता येईल का?

बहुतेक स्मार्टफोनमध्ये एआरएम प्रोसेसर असतो. त्याच्या सूचना वेगळ्या. त्यामुळे ८०८६ चा प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नाही.

सुरुवात कशी कराल?

दोन संख्यांची बेरीज लिहा. डीबगरमध्ये एकेक ओळ चालवून रजिस्टर कसे बदलतात ते पाहा. ८०८६ पक्का झाला की दुसरा असेंब्लर शिकायला फार वेळ लागत नाही.