भिंतींचे दप्तर

2020च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतले दुकानदार काचांवर प्लायवूडचे तक्ते ठोकत होते. 25 मे रोजी पोलीस अधिकाऱ्याच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला होता आणि रस्ते पेटले होते. तक्ते लागले, पाठोपाठ रंगाचे डबे आले. कुणी फ्लॉइडचा चेहरा रंगवला, कुणी फुले काढली, कुणी नुसते त्याचे नाव लिहिले. काही दुकानदारांनी स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले, की हे दुकान अल्पसंख्याक मालकाचे आहे. जाळपोळीतून दुकान वाचावे, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे काचा बसल्या, तक्ते उतरले, भिंतींवर नवा रंग चढला.

यातले पुष्कळसे आजही पाहता येते, याचे श्रेय सेंट पॉलमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट थॉमसच्या ‘अर्बन आर्ट मॅपिंग’ या गटाला द्यावे लागेल. कला-इतिहासाच्या हेदर शायरी, इंग्रजी आणि लोकसाहित्य शिकवणारे टॉड लॉरेन्स आणि भूगोलाचे पॉल लोराह या तीन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन 2018मध्ये हे काम सुरू केले. सुरुवातीचा आवाका लहान होता. सेंट पॉलच्या मिडवे या वस्तीत हिंडायचे, भिंतींवर, खांबांवर, दारांवर जे दिसेल त्याचे फोटो काढायचे आणि ते नकाशावर मांडायचे. 2020च्या वसंतात करोना आला, तेव्हा त्यांनी महासाथीच्या काळातल्या रस्त्यावरच्या चित्रांचा ऑनलाइन संग्रह उघडला. फ्लॉइडच्या मृत्यूनंतर दुसरा संग्रह सुरू झाला, वंशभेदाविरुद्धच्या भिंतचित्रांचा. अशी चित्रे तोवर मिनियापोलिसपुरती उरलीच नव्हती. बर्लिनच्या माउअरपार्कमधल्या भिंतीवर फ्लॉइडचा चेहरा उमटला होता. सीरियातल्या इदलिब प्रांतात तर बाँबने पडलेल्या घराच्या उरलेल्या भिंतीवर तो काढला गेला. कुणीही फोटो पाठवावा, जागा आणि तारीख सांगावी, असे आवाहन गटाने केले आणि जगभरातून आलेल्या फोटोंनी संग्रह फुगत गेला.

या कामाचे वेगळेपण कळायला एखादी नोंद उघडून बघावी. फोटो असतोच. पण त्याला जागा जोडलेली असते, फोटो काढल्याची तारीख असते, चित्रात काय आहे आणि काय लिहिले आहे याचे वर्णन असते, शोधायला सोयीचे विषयशब्द असतात. चित्रकार माहीत असेल तर त्याचे नाव असते आणि हक्क त्याच्याकडेच राहतात. शिकणे-शिकवणे आणि संशोधन यापलीकडे चित्र वापरायचे, तर परवानगी चित्रकाराकडे मागायची. गटाचा आणखी एक दंडक आहे. काय कला आणि काय नुसती खरड, हे नोंद करणाऱ्याने ठरवायचे नाही. म्हणून तीन मजली भिंतचित्राइतकीच खांबावर मार्करने घाईत लिहिलेली ओळही संग्रहात येते. चित्रावर कुणी काळे फासले, तर तेही येते. पुन्हा त्याच भिंतीपाशी जाऊन नवा फोटो घेतला जातो, आणि चित्र गेले असेल तर ते गेल्याची नोंद होते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पेशवे दप्तराची किंमत केवळ खलित्यांमुळे आणि तहनाम्यांमुळे ठरलेली नाही. दाणावैरणीचे हिशेब, देणग्या, मजुरी, दंड असल्या ‘किरकोळ’ कागदांतून इतिहासकारांना त्या काळचे जगणे सापडले. दप्तरात काय राहावे हे कुणा रसिकाने निवडले असते, तर हे कागद पहिल्यांदा रद्दीत गेले असते. अर्बन आर्ट मॅपिंगने हाच न्याय भिंतीला लावला आहे. रस्त्यावरच्या कलेचे कौतुक पुष्कळ होते आणि ते व्हावेही, पण कौतुक निवड करते. दप्तराला निवड करून चालत नाही.

हा ताण या क्षेत्रात पहिल्यापासून आहे. छायाचित्रकार ब्रासाईने 1930च्या दशकात पॅरिसच्या भिंतींवरचे ओरखडे, कोरलेले चेहरे आणि बदाम टिपायला सुरुवात केली. पण या कामाला खरी शिस्त लागली ती 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेमुळे. तिथली पोरे यार्डात उभे असलेले डबे रात्रीतून रंगवत. स्वतःला ती चित्रकार म्हणवत नसत, ‘रायटर’ म्हणवत. सकाळी गाडी शहरभर फिरे आणि रेल्वेच्या रासायनिक धुलाईत, म्हणजे त्यांच्या बोलीतल्या ‘बफ’मध्ये, सापडली की चित्र संपे. शिल्पकार हेन्री शॅल्फंट समोरच्या फलाटावर उभा राही. गाडी थांबली की फलाटावरून सरकत सरकत मोटर असलेल्या कॅमेऱ्याने एकापाठोपाठ फोटो घेई आणि मग ते कापून, जोडून अख्खा डबा सलग उभा करी. मार्था कूपर वृत्तपत्रातली छायाचित्रकार. तिला डबा हवा असे तो शहरासकट. ब्राँक्समधल्या ओसाड मोकळ्या जागांवर ती तासन्तास गाडीची वाट बघे. डोंडी हा रायटर रात्री यार्डात डबे रंगवायला निघाला, तेव्हा तीही त्याच्याबरोबर गेली.

दोघांच्या पद्धतींत फरक आहे आणि दोन्हींची गरज आहे. शॅल्फंटच्या फोटोंवरून अक्षरांचे वळण, रंगांची जुळणी, कडा कशा फिरवल्या हे अभ्यासता येते. ते चित्र कोणत्या शहरात, कोणत्या पडझडीत जन्मले, हे कूपरच्या फोटोंवरून कळते. 1984मध्ये दोघांचे ‘सबवे आर्ट’ हे पुस्तक लंडनमधून निघाले. युरोपातल्या मुलांनी ते पाहून अक्षरे गिरवली. म्हणजे नोंद नुसती मागे धावत नव्हती, कलेला नव्या गावी नेतही होती. 12 मे 1989 रोजी न्यूयॉर्कच्या रेल्वेने रंगवलेला शेवटचा डबा सेवेतून काढल्याचे जाहीर केले. त्यानंतर ती डब्यांवरची कला उरली ती बहुतेक फोटोंतच.

इंटरनेटवर हे काम आले ते फार लवकर. 1994मध्ये, गूगलचा जन्म व्हायला चार वर्षे बाकी असताना, अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये शिकणाऱ्या सुझन फॅरेल यांनी ‘आर्ट क्राइम्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. ग्राफिटीला वाहिलेले ते पहिले स्थळ मानले जाते. वेगवेगळ्या शहरांतले लोक फोटो पाठवत आणि ते शहरवार लागत. ज्या मुलाने आपली गल्ली ओलांडली नव्हती, त्याला दुसऱ्या खंडातली भिंत दिसू लागली. पुढे मोबाइलला कॅमेरा लागला, सामाजिक माध्यमे आली आणि फोटोंचा पूर लोटला. जून 2014मध्ये गूगलने जगभरच्या संस्थांच्या मदतीने पाच हजारांवर चित्रांचा संग्रह मांडला, तो वर्षभरात दहा हजारांपलीकडे गेला. चकचकीत, मोठे करून बघता येणारे फोटो आणि सोबत फेरफटके. कौतुकाचा हा सर्वांत थाटाचा सोहळा म्हणायला हवा.

या संग्रहात न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला ‘फाइव्ह पॉइंट्झ’ हा कारखान्याचा जुना वाडाही आहे. मालकाच्या परवानगीने तिथे वर्षानुवर्षे रायटर रंगवत होते. कुणी कुठे रंगवायचे हे 2002पासून ‘मेरेस वन’ नावाने ओळखला जाणारा चित्रकार ठरवत असे. नोव्हेंबर 2013मध्ये मालकाने एका रात्रीत भिंतींवर पांढरा रंग मारला आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली. चित्रकार न्यायालयात गेले. अमेरिकेच्या 1990च्या दृश्यकलाकार हक्क कायद्यानुसार चित्राला संरक्षण मिळायचे, तर त्याला मान्यता होती हे दाखवावे लागते. आणि चित्रे तर उरलीच नव्हती. मग चित्रकारांनी प्रत्येक कामाची संचिका सादर केली: फोटो, चित्रपटांत आणि वृत्तपत्रांत ती भिंत कुठे आली, ऑनलाइन काय बोलले गेले, सामाजिक माध्यमांवरचा गाजावाजा. फेब्रुवारी 2018मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी 45 चित्रांसाठी प्रत्येकी दीड लाख, असे एकूण 67 लाख 50 हजार डॉलर 21 चित्रकारांना देवविले. 2020मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला आणि सांगितले, की काम तात्पुरते आहे म्हणून त्याचा मान कमी होत नाही. हौसेने काढलेला फोटो इथे पुरावा झाला. पण ज्या फोटोखाली चित्रकाराचे नाव नाही, भिंत नाही, वर्ष नाही, तो पुराव्याच्या कामी किती येणार?

नेमके तेच आपल्या हातून रोज निसटते. मोबाइलने फोटो काढला, की त्यात तारीख-वेळ आपोआप साठते आणि सेटिंग चालू असेल तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही. तो फोटो म्हणून व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवला, की ही माहिती गळून पडते. चौथ्या माणसाकडे पोहोचतो तो नुसता सुंदर फोटो, ना गावाचा ना काळाचा. शिवाय ज्या कंपनीच्या घरात आपण तो ठेवतो, ते घर भाड्याचे असते. याहूने 2009मध्ये जिओसिटीज बंद केले, तेव्हा लाखो हौशी पाने एका फटक्यात उखडली गेली. त्यातले बरेच काही धावाधाव करून इंटरनेट अर्काइव्हसारख्यांनी वाचवले. विद्यापीठ, ग्रंथालय किंवा पुराभिलेखागार यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संग्रहाला म्हणूनच वेगळे मोल आहे.

नोंदीला धोकेही आहेत. भिंतीवर परवानगीशिवाय लिहिणे बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे आणि अक्षरांचे वळण जुळवून रायटर शोधायला पोलीसही फोटोंचे संग्रह बाळगतात. जागा, तारीख, वेळ या गोष्टी इतिहासकाराला जितक्या उपयोगी, तितक्याच तपास अधिकाऱ्याला. म्हणून लिहिणाऱ्याचा चेहरा न टिपणे, त्याने सांगितले नसेल तर खरे नाव न देणे, ही पथ्ये या क्षेत्रातली जबाबदार माणसे पाळतात.

आपल्याकडे काय? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी 2014मध्ये रंगवलेले दादासाहेब फाळके हजारो मोबाइलमध्ये असतील. 2017मध्ये ससून डॉकवर कला-प्रकल्प झाला, कोळी समाजातल्या माणसांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे भिंतींवर लागले, तेव्हाही फोटोंना तोटा नव्हता. या उपक्रमांमागे असलेल्या ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेचे एक संस्थापक हनीफ कुरेशी. 2024मध्ये त्यांचे निधन झाले. भिंतचित्रांच्या बरेच आधी त्यांनी दुसरे एक काम हाती घेतले होते. फ्लेक्सने ज्यांचा धंदा बसवला, त्या गल्लीबोळांतल्या पेंटरांची अक्षरे त्यांनी मिळवली, संगणकाच्या फाँटमध्ये उतरवली आणि फाँटला त्या त्या पेंटरचे नाव दिले. ज्याला कुणी कला म्हणत नव्हते, ते त्यांनी नावानिशी टिपून ठेवले.

तसे टिपण्याजोगे आपल्या भिंतींवर किती आहे! गिरणगावात मोर्च्याच्या तारखा गेरूने लिहिल्या जात. निवडणूक जवळ आली, की पक्षाचे नाव घालून भिंत ‘राखीव’ होते. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून सर्व धर्मांच्या देवांच्या फरशा शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. लाँड्रीच्या दारावर पेंटरने काढलेली इस्त्री असते. यांचे उद्घाटन होत नाही आणि त्यांच्यापुढे सेल्फीलाही कुणी थांबत नाही. इमारत पुनर्विकासाला गेली, की तेही जाते.

कायद्याची बाजू मात्र जाणून असावी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा 1995चा कायदा आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे फोटो काढण्या-छापण्याला सूट आहे, इमारतीलाही आहे, पण भिंतीवरच्या रंगचित्राचा त्यात स्पष्ट समावेश नाही. त्यामुळे भारतातल्या भिंतचित्रांचे फोटो चित्रकाराच्या परवानगीशिवाय खुल्या परवान्याने देता येत नाहीत, असे विकिमीडिया कॉमन्स मानते. दुसरीकडे कलम 57 कलावंताच्या नैतिक हक्काचे रक्षण करते. दिल्लीच्या विज्ञान भवनातले आपले कांस्य भित्तिशिल्प सरकारने उखडून टाकले म्हणून अमरनाथ सेहगल लढले. 2005मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. यातून निघणारा व्यवहार साधा आहे: चित्रकाराला गाठा, नाव विचारा, परवानगी घ्या. तेवढ्याने नोंद कायद्यात बसते आणि तिच्यात भरही पडते.

सेंट थॉमसच्या गटाकडे महागडे यंत्र नाही. चालणारे विद्यार्थी, एक अर्ज, एक नकाशा आणि जे दिसेल ते न गाळता लिहिण्याची शिस्त, एवढेच त्यांचे भांडवल. लोअर परळचे असो वा मिरजेचे, कोणतेही महाविद्यालय एका वॉर्डापासून हे सुरू करू शकते. समोरून एक फोटो, आजूबाजूच्या दुकानांसकट दुसरा, भिंतीवरचा मजकूर जसाच्या तसा शुद्धलेखनाच्या चुकांसह, तारीख, जागा, ठाऊक असल्यास पेंटरचे नाव. सहा महिन्यांनी पुन्हा तीच फेरी. यातले देखणे कोणते हे ठरवायला प्रदर्शने आहेत, समीक्षक आहेत, पुढच्या पिढ्याही आहेत. त्यांच्यापुढे ठरवण्यासाठी काही शिल्लक राहावे, एवढे काम नोंद करणाऱ्याचे.